अगं, जरा थांब!

“अहो, जरा थांबा की!” हे वाक्य लग्नानंतरच्या १३ वर्षांत मी किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही. मंडईत, स्टेशनच्या जिन्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर, सगळीकडे हे चार पावलं पुढे आणि पिशव्या, मुलं सांभाळत मी मागे. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असंच असेल, तर ही हकीगत जरूर वाचा.

गोष्ट २०१९ च्या मे महिन्यातली. यांच्या कंपनीनं यांना दोन महिन्यांसाठी शांघायला पाठवलं होतं. माझ्या शाळेला सुटी लागली. सासूबाई म्हणाल्या, “जा गं, मुलांचं मी बघते.” आणि मी जन्मात पहिल्यांदा एकटी विमानात बसले. यांच्या कचेरीतल्या एका चिनी बाईंनी बजावून सांगितलं होतं, “हुआंगशान पाहिल्याशिवाय परत जाऊ नका.” तेव्हा आधी हांगचौ आणि तिथून हुआंगशान असा बेत ठरला. २०१८ च्या डिसेंबरात या दोन गावांमध्ये वेगवान रेल्वे सुरू झाल्यामुळे प्रवास अगदी सोपा झाला होता.

निघायच्या आदल्या रात्री घरी फोन केला, तर मुलगा रडकुंडीला आलेला. पोहण्याच्या वर्गात खोल पाण्यात उडी मारायला सांगितली होती आणि तो काठावरूनच परत आला होता. यांनी फोन घेतला आणि फैरी झाडल्या, “दहा वर्षांचा घोडा झालास! मुलगा असून घाबरतोस कसला?” मी गप्प बसले. चुकलंच माझं.

हुआंगशान म्हणजे पिवळा पर्वत. प्रत्यक्षात तो पिवळा मुळीच नाही. करड्या ग्रॅनाइटचे उभे सुळके आणि त्यांच्या भेगांतून वाढलेले पाइन वृक्ष असं त्याचं रूप. चिनी लोक आपला मूळपुरुष मानतात त्या पीत सम्राटाच्या नावावरून थांग घराण्यातल्या एका राजानं इ. स. ७४७ मध्ये त्याला हे नाव दिलं. सर्वांत उंच ‘कमळ शिखर’ सुमारे १८६० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून दोनशेवर मीटर उंच. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस इथे धुकं असतं. ते दरीत साचलं की ढगांचा समुद्र दिसतो आणि सुळके त्यातल्या बेटांसारखे वर येतात. १९९० पासून हा पर्वत जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे.

वर जायला रोपवे आहेत. हे तिकडेच वळले होते. पण एवढ्या लांब येऊन पाळण्यात बसायचं माझ्या जिवावर आलं. “पूर्वेकडच्या पायऱ्यांनी चालतच जाऊ,” मी म्हटलं. ही वाट साडेसहा-सात किलोमीटरची, सगळी दगडी पायऱ्यांची आणि दाट झाडीतली. हे नेहमीप्रमाणे पुढे. मी मात्र ओझी वाहणाऱ्या हमालांकडे बघत बघत चढत होते. वरच्या हॉटेलांना लागणारी भाजी, तांदूळ, पाण्याच्या बाटल्या ही माणसं खांद्यावरच्या कावडीनं नेतात. उतरणाऱ्या एकाच्या कावडीला मळक्या चादरींचे गठ्ठे होते. म्हणजे वरचं धुणं खाली येतं, आणि वाळून पुन्हा वर जातं! ते बघून त्या रात्री हॉटेलच्या स्वच्छ चादरीवर पाय टाकताना मला संकोचच वाटला. या हमालांजवळ एक काठी असते. थकले की ती कावडीखाली टेकवायची, ओझं तिच्यावर तोलायचं आणि उभ्या उभ्या दम घ्यायचा. घाई कोणालाच नाही. मीही तसंच केलं. चाळीस पायऱ्या चढायच्या, थांबायचं, गरम पाण्याचा घोट घ्यायचा. चार तासांत वर पोचले, आणि पाय दुखले नाहीत.

संध्याकाळी ‘शीशिन’ शिखरावर गेलो. या नावाचा अर्थ साधारण ‘आता पटलं’ असा. हुआंगशानचं वर्णन कितीही ऐका, इथे आल्यावरच माणसाला ते खरं वाटतं म्हणे. मला तर पटलंच. हे मात्र कठड्यापासून लांब उभे. “फोटो तूच काढ,” म्हणाले. मला वाटलं, दमले असतील.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडची वाट धरली. सकाळी धुकं होतं तोवर सगळं ठीक चाललं होतं. एका उभ्या उतारावर आलो आणि पडदा सारावा तसं धुकं एकदम सरलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा दगडी कठडा आणि त्यापलीकडे काहीच नाही. जेमतेम पाऊल मावेल अशा पायऱ्या थेट खाली गेलेल्या. मी दहा-बारा पायऱ्या उतरले, तेवढ्यात मागून आवाज आला,

“अगं, जरा थांब!”

१३ वर्षांत पहिल्यांदा! मी हसत वळले आणि माझं हसू गेलं. हे पायरीवर चक्क बसले होते. चेहरा पांढराफटक, दोन्ही हातांनी कड्याकडची साखळी घट्ट धरलेली. “मला नाही जमणार,” म्हणाले. “लहानपणापासून असंच होतं. उंचावरून खाली बघितलं की पायातलं बळच जातं.”

क्षणभर मला रागच आला. आधी बोलायला काय झालं होतं? मग एकेक गोष्ट आठवत गेली. कळसूबाईला आमचा सगळा गोतावळा गेला, तेव्हा हे पायथ्याशी बारी गावातच राहिले होते, ‘सामानापाशी कोणीतरी हवं’ म्हणून. दहाव्या मजल्यावरची जागा स्वस्तात मिळत असून यांनी पाणी येत नसल्याचं कारण काढून नाकारली होती. ही भीती लपवायला या माणसाला किती कारणं शोधावी लागली असतील! आणि सकाळी रोपवे नको म्हणून मीच त्याला इथवर ओढून आणलं होतं.

घाबरलेल्या माणसाला ‘घाबरू नका’ म्हणून उपयोग नसतो, हे वर्गातल्या मुलांनी मला शिकवलं आहे. मी यांना कड्याच्या बाजूला घेतलं. स्वतः दोन पायऱ्या खाली उभी राहिले, म्हणजे यांना दरी न दिसता माझी पाठ दिसावी. “फक्त माझ्या पिशवीकडे बघा. दहा पायऱ्या मोजा, की थांबू.” हुआंगशानवर जागोजागी एक सूचना आहे: चालताना देखावा पाहू नका, देखावा पाहताना चालू नका. ती आम्ही अक्षरशः पाळली. श्यू श्याखं नावाचा प्रसिद्ध चिनी प्रवासी १६१६ साली इथे बर्फात आला होता. काठीनं बर्फात पावलापुरती खाच करायची, त्यात पाय ठेवायचा, मग पुढची खाच, असा तो चढला. आम्हीही पावलापुरताच विचार केला. मागून येणारी चिनी मंडळी थांबून राहिली. कोणी हसलं नाही. एका आजीबाईंनी यांच्या हातात सोललेली काकडी दिली.

दुपारी ‘पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या’ त्या सुप्रसिद्ध पाइन वृक्षाशी पोचलो. एका बाजूच्या फांद्या ‘या, बसा’ म्हणत हात पुढे करावा तशा पसरलेल्या. त्या एका झाडासाठी खास राखणदार नेमलेला आहे. वाटेत साखळ्यांना हजारो कुलपं लटकत होती. जोडप्यांनी कुलूप लावायचं आणि किल्ली दरीत फेकायची, अशी तिथली रीत. हे म्हणाले, “लावूया?” मी म्हटलं, “किल्ली फेकायची कल्पना काही माझ्या पचनी पडत नाही.” दोघंही खूप हसलो. खाली रोपवेनं आलो, यांचे डोळे मिटलेले आणि हात माझ्या हातात.

तुम्ही कधी गेलात, तर एक रात्र वर काढाच. मोठं सामान खालीच ठेवा. छत्रीऐवजी रेनकोट न्या, मेमध्येही स्वेटर हवा. शाकाहारी असाल तर दशम्या, चटणी, मेतकूट बरोबर असू द्या. उकळतं पाणी चीनमध्ये जिथे तिथे मिळतं, तेव्हा थर्मास विसरू नका. आणि निघण्यापूर्वी एकमेकांना विचारा, ‘तुला कशाची भीती वाटते?’ हे सामानाच्या यादीत आमच्याकडून राहून गेलं होतं.

परत आल्यावर एका रात्री यांनी मुलाला जवळ घेऊन सगळं सांगितलं. बसून पायरी कशी धरली, आईच्या पाठीकडे बघत कसे उतरले, सगळं. मुलानं त्या सुटीत उडी मारली नाही ती नाहीच. पण हल्ली कशाची भीती वाटली, तर तो आधी बाबांकडे जातो.

मंडईत हे अजून पुढेच चालतात. १३ वर्षांची सवय ती! मात्र आता कोपऱ्यावर थांबून मागे बघतात.