मसाईचा कातळ

कोल्हापूरकर पाहुण्याला पन्हाळ्यावर नेतो, तीन दरवाजा आणि सज्जा कोठी दाखवतो, झुणका-भाकर खाऊ घालतो आणि दिवस कलला की परत फिरतो. गडाच्या पश्चिमेला मसाई पठार आहे, पण तिकडं गाडी वळेलच असं नाही. तिथं तट नाही, बुरूज नाही, भिंतीवर टेकून फोटो काढावा असं काहीच नाही. नजर पोचेल तिथवर जांभ्याचा सपाट कातळ, त्याच्या खोलगट भागांत साचलेली पावसाळी तळी आणि मसाई देवीचं देऊळ, एवढाच ऐवज. आसपासच्या वाड्या आणि धनगरवाडे हे पठार देवीचंच मानतात.

हा कातळ मुळात काळा होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर साचले, त्यांतून सह्याद्रीचा बेसाल्ट झाला. पुढं लाखो वर्षांच्या उन्हापावसानं वरच्या थरातली सिलिका आणि चुना धुऊन नेला. लोह आणि अॅल्युमिनियम तेवढं मागं राहिलं. तोच हा तांबडा, भोकाभोकांचा जांभा. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडला बॉक्साइटच्या खाणी निघाल्या, त्याही अशाच झिजेतून झालेल्या थरात. मसाईच्या वाट्याला खाण आली नाही, गोष्टी आल्या. आणि गंमत म्हणजे, कातळ जिथं जिथं काही चमत्कारिक वागतो, नेमकी तिथंच गोष्ट चिकटलेली दिसते.

पठाराच्या कडेला खाली पांडवदरा आहे. तिथं डोंगराच्या पोटात कोरलेली लेणी आहेत. घडण पाहता ती बौद्ध भिक्षूंच्या निवासाची, पण लोकांच्या लेखी वनवासातल्या पांडवांची. सह्याद्रीत कोरलेली खोली दिसली की ती पांडवांच्या नावावर जमा व्हायची, ही जुनीच रीत. एवढा दगड माणसानं फोडला यावर विश्वास ठेवण्यापेक्षा तो भीमानं फोडला हे मानणं सोपं जात असणार.

दुसरी गोष्ट सीतेची. भाद्रपदाच्या सुमारास ओल्या कातळावर जांभळ्या-निळ्या इवल्या फुलांचा थर पसरतो. ही सीतेची आसवं. रानातून जाताना सीता रडली, आसवं पडली तिथं ही फुलं उगवली, असं सांगतात. कातळावर माती जेमतेम बोटभर, तीही नत्राला मोताद. तिथं तग धरायला ही वनस्पती चक्क मांसाहार करते. तिच्या जमिनीतल्या भागांना बारीक पिशव्या असतात. पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात आणि पचवले जातात. उपाशी दगडावर फूल कसं, या कोड्याला लोकांनी सीता हे उत्तर दिलं, वनस्पतिशास्त्रानं पिशवी हे दिलं. मला दोन्ही पटतात. शेजारीच तेरडा फुललेला असतो. कोल्हापुरात गणपतीच्या दिवसांत गौर म्हणून घरी येतो तोच.

तिसरी गोष्ट मात्र दंतकथा नाही. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला आवळलेला. १२ जुलैला, आषाढ पौर्णिमेच्या रात्री, भर पावसात शिवाजी महाराज बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांसह गडाखाली उतरले आणि याच पठारावरून विशाळगडाकडं निघाले. महाराज असल्याचं भासवत दुसऱ्या पालखीत बसून शत्रूला चकवणारा शिवा काशीद नेबापूरचा. पुढं घोडखिंडीत बाजींनी आणि बांदलांनी वाट रोखून धरली, ती आजची पावनखिंड. खिंडीचा इतिहास प्रत्येकाला पाठ असतो. पठाराचं नाव मात्र घाईत घेतलं जातं. आषाढात खालची भातखाचरं चिखलानं भरलेली असतात, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. वर कातळ. त्यावर चाल जमते, पाऊलखुणा फारशा उमटत नाहीत, आणि धुकं उतरलं तर दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. कागदपत्रांत कुठं लिहिलेलं नसलं तरी वाट निवडताना या गोष्टी ध्यानात आल्या असणारच, असं मला वाटतं. आता दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात. पोरं भिजत, जयघोष करत या कातळावरून जातात.

२०२२ मध्ये पठाराच्या ५.३४ चौरस किलोमीटर क्षेत्राला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. बरं झालं. कारण अलीकडं सप्टेंबरच्या रविवारी काही हौशी मंडळी गाड्या थेट फुलांत घालतात, चाकं फिरवून व्हिडिओ काढतात. कातळाला काही होत नाही, पण त्यावरची बोटभर माती उखडली की पुढच्या पावसात ती वाहून जाते आणि तेवढा तुकडा उघडा पडतो. जायचं असेल तर गणपतीनंतरचा आठवड्यातला एखादा दिवस धरावा. गाडी पठाराच्या तोंडाशी लावावी, पाण्याची बाटली आणि भाकरी सोबत घ्यावी, कारण वर हॉटेल शोधण्यात अर्थ नाही. फुलं बघायला मात्र खाली बसावं लागतं. उभ्यानं ती दिसत नाहीत.