तेवीस नकाशांत एक वर्ष

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. धाराशिव जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी धाराशिव, वाशी आणि लोहारा हे तीन त्या यादीत होते. बाकीच्या पाच तालुक्यांत सगळं आबादीआबाद होतं, असा त्याचा अर्थ नव्हता. पुढे राज्यातल्या अनेक महसूल मंडळांना दुष्काळसदृश म्हणून सवलती द्याव्या लागल्याच.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनुसार पावसाबरोबरच पेरणी, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई यांचाही विचार होतो. तक्त्यात तालुका म्हणजे फक्त एक ओळ असते. नकाशा काढला तर गाव दिसतं, पण एकाच तारखेचं. दुष्काळ मात्र आठवड्या-आठवड्याने पुढे सरकत येतो आणि नेमकं ते सरकणंच एका नकाशात दिसत नाही.

ते दाखवण्याचं साधन फुकट मिळतं. नासाच्या ‘टेरा’ उपग्रहावरचं ‘मोडिस’ हे उपकरण फेब्रुवारी २००० पासून जमिनीची हिरवाई मोजत आहे. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि अवरक्त प्रकाश परावर्तित करतं. या दोहोंतल्या फरकावरून ‘एनडीव्हीआय’ हा निर्देशांक काढतात. उघड्या रानाला ०.१-०.२, तर दाट पिकाला ०.७ च्या पुढे आकडा मिळतो. दर १६ दिवसांतली त्यातल्या त्यात स्वच्छ निरीक्षणं निवडून एक थर तयार होतो, म्हणजे वर्षाला २३ थर.

हे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक रचायचे, जिल्ह्याच्या सीमेबरोबर कापायचे आणि एकेक रंगवून भराभर दाखवायचे. वहीच्या कोपऱ्यावर चित्रं काढून पानं फडफडवणाऱ्या मुलांना ही युक्ती ठाऊक असते. ‘आर’ या मोफत संख्याशास्त्रीय प्रणालीत त्याला मोजक्या ओळी पुरतात. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती घडवली. दोघांच्या नावांचं आद्याक्षर तिला मिळालं.

अवघड भाग रंगांचा आहे. एकेक थर स्वतंत्रपणे रंगवला, तर संगणक त्या थरातल्या सर्वांत मोठ्या आकड्याला गर्द हिरवा रंग देऊन टाकतो. समजा, चांगल्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये तो आकडा ०.८ आहे आणि दुष्काळी ऑगस्टमध्ये ०.४. दोन्ही नकाशे सारखेच हिरवेगार दिसतील आणि करपलेलं सोयाबीन पडद्यावर डोलू लागेल! म्हणून सगळ्या थरांना, सगळ्या वर्षांना एकच रंगपट्टी बांधून द्यावी लागते. ही एक ओळ विसरल्यामुळे फसलेली चलच्चित्रं कमी नाहीत, आणि ती दिसतातही छान.

दुसरी अडचण ढगांची. पीक ज्या जुलै-ऑगस्टमध्ये वाढतं, तेव्हाच आभाळ झाकलेलं असतं. तिथला चौकोन राखाडी ठेवणं प्रामाणिकपणाचं. चित्र गुळगुळीत फिरावं म्हणून आजूबाजूच्या आकड्यांवरून तो भरला, तर पाहणाऱ्याला मोजलेलं कोणतं आणि अंदाजाचं कोणतं हे कळत नाही. पावसाच्या नकाशांत हा मोह आणखी मोठा. हवामान खात्याची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची माहिती पाव अंशाच्या चौकटींत आहे, आणि तसे जेमतेम दहा चौकोन अख्ख्या धाराशिव जिल्ह्याला पुरतात. त्यांच्या कडा रंगांनी मऊ करून टाकल्या की गावागावाचा पाऊस मोजल्याचा भास होतो. बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ हा अनुभव असलेल्या माणसाला तो नकाशा दाखवू नये.

रंग आणि ढग सांभाळले, तर तक्त्यात दडलेली एक गोष्ट मात्र चलच्चित्रात उघडी पडते. जूनमध्ये जिल्हा मातकट असतो, ऑगस्टात खरिपाने भरतो, ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की पुन्हा उतरतो. पण बारमाही पाण्यावरचा ऊस जानेवारीतही हिरवाच असतो. तालुक्याची सरासरी काढताना हा ऊस आणि कोरडवाहू रान एकाच पारड्यात पडतात, आणि थोड्या उसाची हिरवाई पुष्कळ रानाचं करपणं झाकू शकते. एकामागून एक नकाशे सरकताना मात्र न बदलणारे हिरवे ठिपके वेगळे ओळखू येतात. ते बाजूला काढून उरलेल्या रानाची सरासरी काढता येते.

‘मोडिस’चा चौकोन सुमारे २५० मीटरचा, म्हणजे चौदा-पंधरा एकरांचा. दोन एकरांचा फड त्यात विरघळून जातो. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांचा चौकोन १० मीटरचा, जवळपास एका गुंठ्याचा आहे, आणि पहिल्या दोन उपग्रहांची जोडी २०१७ मध्ये पूर्ण झाल्यापासून दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं. पण २०१२ किंवा २०१५ च्या दुष्काळाशी यंदाची तुलना करायची, तर पुन्हा त्या चौदा-पंधरा एकरांच्या चौकोनांकडेच यावं लागतं.