‘खोड’ आणि स्वभावाचे स्थैर्य

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण वाशिम जिल्ह्यात, किंबहुना महाराष्ट्रात सर्वत्र, परिचित आहे. मानसशास्त्राच्या कसोटीस ती कितपत उतरते, हे येथे पाहावयाचे आहे.

स्वभावाचे स्थैर्य दोन प्रकारांनी मोजतात. समवयस्कांत व्यक्तीचा क्रम टिकतो काय, हा पहिला प्रकार. रॉबर्ट्स व डेलव्हेकिओ यांनी २००० साली १५२ दीर्घकालीन अध्ययने एकत्र तपासली. बालपणी ०.३१ असलेला सहसंबंध तिशीत ०.६४ व पन्नाशीनंतर ०.७४ आढळला. दुसरा प्रकार समूहाच्या सरासरीचा. ती मात्र हलते. विशी ते चाळिशी या काळात कर्तव्यदक्षता व भावनिक समतोल सामान्यतः वाढतात. तेव्हा म्हण अर्धीच खरी.

भाषाभ्यासकास आणखी एक गोष्ट जाणवते. ही म्हण दोषासच लावतात. कष्टाळूपणास ‘खोड’ कोणी म्हणत नाही. वस्तुतः गुणही तितकेच चिवट असतात व त्यांची फळे दूरवर पोचतात. टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियात ज्या बुद्धिमान मुलांचे अध्ययन आरंभिले, त्यांपैकी बालपणी कर्तव्यदक्ष ठरलेली मुले पुढे सरासरीने अधिक जगली, असे फ्रीडमन व सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखविले.

ही अध्ययने बहुतांशी पाश्चात्त्य समाजांची आहेत. वऱ्हाडीतील स्वभाववाचक शब्दांत दोषांची नावे किती व गुणांची किती, याची नोंद आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावी. आपण अध्यापकांनी मात्र विशीतल्या विद्यार्थ्याविषयी ही म्हण निर्णय म्हणून उच्चारू नये. त्या वयात स्वभाव अद्याप घडतच असतो.