तळपायावरील काळा डाग

अमरावती-अकोल्याचें ऊन किती कडक, हें वऱ्हाडकरांस सांगावयास नको. त्यामुळें त्वचेचा कर्करोग उन्हानेंच होतो, असा समज सहज होतो. गोऱ्या लोकांपुरता तो पुष्कळ अंशीं खरा आहे. परंतु ‘मेलॅनोमा’ हा घातक प्रकार आपल्याकडे पुष्कळदां तळपायावर किंवा नखाखालीं आढळतो. कांटा रुतला असेल, म्हणून घरांत दुर्लक्ष होतें. आणि रोग पसरल्यावर धांवपळ सुरू होते.

अशा पसरलेल्या रोगावर आतां नेमका घाव घालणारीं औषधें निघालीं आहेत. मेलॅनोमाच्या पेशींत ‘बीराफ’ नांवाचें जनुक बिघडलेलें असतें, हें २००२ सालीं कळलें. त्यावरील ‘वेमुराफेनिब’ २०११ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. रोग दुसरी वाट काढतो असें दिसल्यावर ‘डाब्राफेनिब’ व ‘ट्रामेटिनिब’ जोडीनें देऊं लागले. २०१९ च्या अहवालाप्रमाणें ही जोडी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ३४ रोगी पांच वर्षांनंतर हयात होते.

मात्र ही किल्ली एकाच कुलपाची आहे. तळपायाच्या रोगांत बीराफचा बिघाड बराच कमी. कांहींत ‘किट’ जनुकाचा असतो. म्हणून गांठीच्या तुकड्याची जनुक-तपासणी झाल्यावांचून दागिने मोडून औषध आणूं नये. बिघाड नसतां तें अपायहि करूं शकतें. वऱ्हाडच्याच तुकडोजी महाराजांच्या नांवाचें नागपूरचें कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचें टाटा रुग्णालय येथें आधीं सल्ला घ्यावा.

आणि वडील मंडळींचे पाय चेपतांना तळव्यांकडेहि पाहावें. वाढत जाणारा डाग वेळींच कापून काढला, तर या महाग औषधांची गरज बहुधा पडत नाहीं.