भाच्याचे हेलिकॉप्टर आणि विहिरीवरची मोटर

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या दिघ्याला माझी धाकटी बहीण राहते. गेल्या सुट्टीत तिच्याकडे गेलो, तर भाचा तोंड पाडून बसलेला. रिमोटवर उडणाऱ्या त्याच्या हेलिकॉप्टरची मोटर जळाली होती. दिवाळीच्या साठवलेल्या पैशांतून त्याने नवी बसवली, तीही दोन दिवसांत गेली. "मामा, दुकानदारानं फसवलं," तो म्हणाला.

शेतकरी बंधूंनो, आपणही विहिरीवरची मोटर जळाली की भरून आणतो आणि बसवतो. ती का जळाली, हे मात्र पाहत नाही. बेअरिंग धरलेले असते किंवा एक फेज गेलेली असते. मग महिन्याभरात पुन्हा तोच खर्च.

आम्ही आधी बॅटरी काढली. मग मोठे दातेरी चाक बोटाने फिरवून पाहिले. ते जड फिरत होते. दांड्याभोवती सतरंजीचा दोरा गुंडाळलेला! शिवाय मोटरचे छोटे चाक मोठ्या चाकाला घट्ट दाबून बसवले होते. दोष दुकानदाराचा नव्हताच.

दोरा काढला. जुन्या मोटरवरचा आकडा आणि दांड्याची जाडी जुळवून तशीच मोटर आणली. दोन चाकांमध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरून स्क्रू आवळले आणि पट्टी ओढून घेतली. तेवढी फट दातांना पुरते. मोटरला तीन वायरी होत्या. ती उलटी फिरली, तेव्हा कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या. थ्री फेज पंप उलटा फिरला तर आपण करतो, अगदी तसेच. ही पहिली चाचणी वरची पाती काढूनच करावी, नाहीतर बोटे जायची.

हा नुसता पोरखेळ समजू नका. जपानमध्ये यामाहा कंपनीने १९८७ साली भातावर औषध फवारणारे रिमोटचे हेलिकॉप्टर विक्रीला आणले. आपल्याकडे आता फवारणीचे ड्रोन आले आहेत. त्यांच्या मोटरीही अशाच तीन वायरींच्या असतात. ड्रोनची मोटर मात्र घरी न बदलता कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्यावी. फवारणी झाली की ड्रोन पुसावा आणि बॅटरी काढून प्रत्येक मोटर हाताने फिरवून पाहावी. एखादी जड लागली किंवा खरखरली, तर ड्रोन उडवू नये.

संध्याकाळी मैदानात हेलिकॉप्टर उडाले. उतरल्यावर भाच्याने आधी बॅटरी काढली आणि दांडा बोटाने फिरवून पाहिला.