पत्रा लगेच तापतो, माळवद का नाही?

मे महिन्यात मराठवाड्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. त्याच गल्लीतल्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छपराच्या घरात मात्र माणसं निवांत पडलेली असतात. ऊन दोन्ही छपरांवर सारखंच पडतं, भर दुपारी चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट. त्या उष्णतेचं पुढे काय होतं, यात सगळा फरक आहे.

पहिला हिशेब वजनाचा. अर्धा मिलिमीटर जाडीचा, चौरस मीटरभर पत्रा जेमतेम चार किलो भरतो. किलोभर लोखंड एका अंशाने तापवायला अवघी ०.४५ किलोज्यूल उष्णता पुरते. तेवढ्याच पाण्याला ४.२ लागते. म्हणजे या पत्र्याला अंशामागे पावणेदोन किलोज्यूल पुरे. अंगावरच्या उन्हाचा तिसरा हिस्सा जरी त्याने शोषला, तरी सुरुवातीला दर पाच-सहा सेकंदांना तो एकेक अंश चढतो. माळवदावर फूटभर मातीचा थर असेल, तर चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास माती येते. ती एका अंशाने तापायला पत्र्याच्या जवळपास दोनशेपट उष्णता हवी.

दुसरा हिशेब वाटेचा. पोलाद उष्णता झटकन पुढे सरकवतं, आणि पत्र्यात तिला जायचंय किती, तर अर्धा मिलिमीटर! वरची बाजू तापली की खालचीही तापलीच, आणि ती थेट माणसांच्या डोक्यावर उष्णता फेकू लागते. कोरडी माती मंदवाहक. दुपारचा तडाखा तिच्यातून थराथराने मुरत आतपर्यंत पोचायला आठ-दहा तास जातात, तोवर त्याचा जोरही ओसरतो.

सिमेंटचा स्लॅब या दोघांच्या मधला. चार-पाच इंचांतून उष्णता काही तासांतच खाली उतरते, म्हणून संध्याकाळ झाली तरी पंखा गरम हवाच फेकतो.

माळवदाचं हे वजन जिवावरही बेतू शकतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींसह अशी जड छपरं कोसळली आणि हजारो माणसं त्याखाली गेली. त्यामुळे डोक्यावर मातीचे ढीग न रचता घर थंड ठेवायचं, तर उपाय निराळे हवेत.

ते आहेत, आणि स्वस्तही आहेत. चुन्याचा पांढरा हात दिला की बरंचसं ऊन परावर्तित होतं. पत्र्याखाली तट्ट्यांचं छत घातलं, तर मधली कोंडलेली हवा उष्णता अडवते, कारण स्थिर हवा ही पोलादाच्या मानाने फारच मंदवाहक. उन्हाळ्यात कोंबड्या वाचवण्यासाठी पोल्ट्रीवाले शेडवर उसाचं पाचट अंथरतात, ते याच कारणासाठी. काही जण त्यावर पाणीही शिंपडतात. लिटरभर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते, आणि शेडवर पडलेल्या उन्हातला तेवढा वाटा खाली उतरतच नाही.