न सांगितलेला भाव

‘मी दुःखी आहें’ असें कोणी म्हटलें, तर ऐकणाऱ्यास एक वार्ता कळते. त्याचें मन भरून येतेंच असें नाहीं. उलट, दिवेलागण झाली तरी ओसरीवर कोणी बसलेलें नाहीं आणि तुळशीपाशीं दिवा लागलेला नाहीं, एवढेंच वर्णन ऐकून मनाला चटका बसतो. असें कां व्हावें, हा काव्यशास्त्रांतला फार जुना प्रश्न आहे.

ज्या व्यक्तीमुळें वा देखाव्यामुळें भाव जागा होतो, त्याला भरताच्या नाट्यशास्त्रांत विभाव म्हटलें आहे. कवितेंतली प्रतिमा बहुधा हेंच काम करते. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें दाखवून दिलें कीं, रस थेट सांगतां येत नाहीं. तो सुचवावाच लागतो. पुढें मम्मटानें तर भावाचें नुसतें नांव घेऊन मोकळें होणें हा दोषच ठरविला.

मराठींत याचें उत्तम उदाहरण म्हणजे बालकवि त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) यांची ‘औदुंबर’ ही अवघ्या आठ ओळींची कविता. झरा, लहानसें खेडें, शेतें, पाऊलवाट, डोह आणि शेवटीं पाण्याशीं बसलेलें झाड, यापलीकडे तींत कांहीं नाहीं. दुःख, वैराग्य, शांति यांपैकीं एकाचेंही नांव येत नाहीं. परंतु रंगांचा क्रम पाहावा. आरंभीं निळें पाणी व हिरवें रान. मग पांढरी वाट. आणि ती वाट काळ्या पाण्याकडे जाते. वाचकाची दृष्टि तिच्यामागून नकळत चालूं लागते आणि डोहाशीं येऊन थबकते. तेथें माणसासारखा बसलेला औदुंबर दिसतो. तो उदास आहे, विरक्त आहे, कीं तृप्त आहे, याविषयीं टीकाकारांचें एकमत नाहीं.

तें नसणेंच स्वाभाविक आहे. अभिनवगुप्ताच्या मतें सहृदयाच्या अंतरांत पूर्वानुभवांचे संस्कार सुप्त असतात आणि काव्य त्यांना जागें करतें. कोणाला आजोळचा डोह आठवतो, कोणाला औदुंबराखालच्या दत्ताच्या पादुका. चित्र कवीनें दिलेलें असतें. त्यांतला ओलावा वाचकाच्या मनांतून येतो.

म्हणून घरांतल्या मुलानें ‘या झाडाचा अर्थ काय?’ असें विचारलें, तर उत्तराची घाई करूं नये. ‘औदुंबर म्हणजे वैराग्य’ असें वहींत उतरलें, कीं चित्र पुसलें जातें आणि वार्ता तेवढी उरते. त्यापेक्षां कविता पुन्हा एकदां सावकाश म्हणावी, आणि त्याला काय दिसलें, तें आधीं विचारावें.